तेल लावलेली सही

खंडेनवमीला कोणत्या हत्याराची पूजा करायची, हा प्रश्न शेतकऱ्याला पडत नाही, सुताराला पडत नाही, शिंप्याला तर नाहीच नाही. तो पडतो फक्त माझ्यासारख्या वरिष्ठ लिपिकाला. नोकरीच्या सुरुवातीला मी पाटावर शाईचं पेन ठेवायचो. पुढे खरेदी शाखेत आलो, तेव्हा लाखेची कांडी आणि पितळी मोहोर ठेवू लागलो, कारण निविदांच्या पाकिटांना लाखेचं सील मारायचं काम माझ्याकडे होतं. अख्ख्या धुळ्यात माझ्याइतकं सुबक सील कोणी मारत नाही, असं ती मोहोर बनवणारा माणूस स्वतः म्हणाला होता. मग निविदा संगणकावर गेल्या. लाख गेली, मोहोर गेली, दोन कुलपांची लोखंडी निविदापेटी गेली. ती आता आमच्या कार्यालयात पाण्याच्या माठाखाली आहे आणि माठ अजिबात डगमगत नाही. त्यानंतरची सहा वर्षं मी पाटावर काहीच ठेवलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

यंदा मायने विचारलं. माय म्हणजे माझी आई, शेवंताबाई, वय एकोणऐंशी. शिरपूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून ती दर नवरात्रात धुळ्याला येते. येताना वडलांची कुऱ्हाड, दोन विळे आणि पेरणीच्या पांभरीचा एक फण जुन्या लुगड्यात गुंडाळून एसटीतून आणते. वडलांना जाऊन बारा वर्षं झाली, पण त्यांची हत्यारं दरवर्षी वेळेवर हजर असतात. मांडीवर कुऱ्हाड घेऊन बसलेल्या म्हातारीला आजवर एकाही कंडक्टरने हटकलेलं नाही. यामागे मायचा चेहरा हे एकच कारण मला दिसतं. तर अष्टमीला सकाळी ती पाट पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "प्रेमराज, तुनं हत्यार कोठे शे?"

मी म्हटलं, आता आमच्याकडे हत्यार असं राहिलं नाही, सगळं संगणकात गेलं. तिने फडकं खाली ठेवलं.

"मंग तू पोट कशावर भरस?"

सत्तावन्न वर्षांच्या माणसाला त्याच्या आईने, बायकोसमोर, डबा भरत असताना हा प्रश्न विचारू नये. माझी बायको नूतन पोळीला तूप लावता लावता थांबली, तिलाही उत्तर ऐकायचं होतं. मी सांगितलं, की माझी सही आता एका डोंगलमध्ये असते. बोटाएवढी निळी कांडी, तोंडाला लोखंडी पत्रा, वर टोपी. ती संगणकात खुपसली की माझी सही होते. मायने बोट वर धरून त्याची लांबी बघितली. एवढ्याशा कांडीवर चार माणसांचं घर चालतं, याचं तिला नवल वाटलं असावं. ती म्हणाली, "ते घरी लई ये. पूजा नको व्हवाले?"

खरं सांगायचं तर मलाही त्या डोंगलचं कुतूहल होतंच. माझी सही साधीसुधी नाही. प्रेमराज देसले, 'प्र'पासून निघून 'ले'पर्यंत एका दमात जाते, खाली शेपूट येतं आणि शेपटाखाली दोन टिंबं. एकतीस वर्षांत एकाही टिंबाची जागा चुकलेली नाही. ती सही त्या कांडीत नेमकी कशी राहत असेल? शेपटासकट राहते का? मी हे पुष्कळांना विचारलं. डोंगल विकणारा जळगावचा नवीन नावाचा पोरगा म्हणाला, "काका, आत फक्त आकडे असतात." आमच्या विभागप्रमुख मोहिनी मॅडम म्हणाल्या, "भाऊसाहेब, फाइल आणा." शेजारचे तोतारामभाऊ, जे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आहेत, ते म्हणाले की खोलून पाहिल्याशिवाय कोणत्याच वस्तूबद्दल बोलू नये. तिघांपैकी कोणाच्याही उत्तराने माझं समाधान झालं नव्हतं.

डोंगल कार्यालयाबाहेर नेऊ नये, असं परिपत्रक आहे. ते मला माहीत आहे, कारण ते मीच टंकलं, मीच जावक केलं आणि मीच कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. त्याच दिवशी, मंगळवारी संध्याकाळी मी ते परिपत्रक वाचत वाचत डोंगल खिशात टाकलं. शुक्रवारी सकाळी परत आणायचंच होतं. मधे फक्त नवमी आणि दसरा.

आता शुक्रवारचं महत्त्व सांगितलं पाहिजे. आमचं महामंडळ खानदेशातल्या वसतिगृहांना लागणारं साहित्य विकत घेतं. सातपुड्यात, शिरपूरच्या वर, आमलीपाड्याला मुलींचं वसतिगृह आहे. तिथे एकशे चाळीस मुली आहेत आणि पहाटे पाचला त्या टाकीच्या पाण्याने आंघोळ करतात. थंडीत त्या डोंगरात टाकीचं पाणी काय असतं, हे मी एकदा तपासणीला गेलो असताना तोंडावर मारून बघितलं आहे. दुसऱ्यांदा मारलं नाही. लहान मुली गोधडीत दडून बसतात, आंघोळ चुकवतात, अंगाला खरूज उठते. गेल्या हिवाळ्यात अकरा मुली तापाने घरी गेल्या, त्यातल्या चार परत आल्याच नाहीत. तिथल्या अधीक्षिका जमनाताई दोन वर्षं सौर बंब मागत होत्या. आम्ही पहिल्यांदा निविदा काढली, कोणीच आलं नाही. दुसऱ्यांदा काढली, एकच जण आला आणि एकटाच आला म्हणून रद्द झाली. तिसऱ्यांदा काढली, तेव्हा संगणकावर आकडा आला : तीन. तिघे कोण, हे दिसत नाही. पाकिटं बंद असतात आणि ती शुक्रवारी अकरा वाजता उघडायची होती. आठवडाभर मी त्या तीन आकड्याकडेच बघत होतो.

नवमीला मायने पाट मांडला. मधे कुऱ्हाड, दोन्ही बाजूंना विळे, पुढे फण आणि फणाच्या टोकाशी माझं डोंगल. त्याची टोपी तिने काढून बाजूला ठेवली होती. पूजेच्या वेळी डोक्यावर टोपी ठेवायची नसते, असं तिचं म्हणणं पडलं आणि त्यात मला काही गैर दिसलं नाही. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. मी नमस्कार केला. वडलांच्या कुऱ्हाडीच्या रांगेत आपलंही काहीतरी आहे, हे बघून मला बरं वाटलं, अगदी भरून आलं. पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, म्हणून ते तिथेच राहिलं. शुक्रवारी सकाळी उचललं तेव्हा जरा बुळबुळीत लागलं. मी शर्टाला पुसलं, टोपी घातली आणि निघालो.

अकरा वाजता मॅडमनी आपलं डोंगल संगणकाला लावलं. त्याचा लाल दिवा लागला. मग मी माझं लावलं. दिवा लागला नाही. काढलं, फुंकर मारली, पुन्हा लावलं. नाहीच. रुमालाने पुसलं तर रुमाल पिवळा झाला. तो मी चटकन खिशात घातला, पण मॅडमनी हात पुढे केला. डोंगल नाकाजवळ नेलं.

"भाऊसाहेब, याला हळदीचा वास का येतोय?"

"खंडेनवमी होती, मॅडम."

"आणि हे तेल?"

तेलाचं मला खरंच माहीत नव्हतं. मी घरी फोन लावला, नूतनने तो मायच्या कानाला लावला आणि माय नेहमी फोनवर बोलते तशी, म्हणजे फोन नसता तरी ऐकू आलं असतं अशी बोलली. "लोखंडले तेल नही लावं ते गंज चढस. तुना बाप बठ्ठा हत्यारस्ले तेल लावे. मी तोंडमा चांगलं दोन थेंब सोडेल शे, आते वरीसभर काळजी नही."

मॅडम एरंडोलच्या, अहिराणी त्यांच्या घरातलीच. त्यांना शब्द न् शब्द कळला. त्या रागावतील म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो, पण त्यांनी डोंगल माझ्या हातात परत दिलं. मग एवढंच म्हणाल्या, की त्यांच्या सासूबाईंनाही लॅपटॉप पाटावर हवा होता, त्यांनी झाकणाला कुंकू लावू दिलं आणि पुढचं थांबवलं. "तुम्ही थांबवायला हवं होतं, भाऊसाहेब." एकतीस वर्षांत मला कोणी असं सांगितलं नव्हतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, दुसरं डोंगल आणा. मीही तेच म्हणालो. पण ई-निविदेची पेटी आमच्या जुन्या लोखंडी पेटीसारखी भोळी नसते. जुन्या पेटीची किल्ली हरवली तेव्हा आम्ही लोहाराला बोलावलं होतं. इथे निविदा काढतानाच चार माणसांच्या डोंगलची कुलपं लागतात आणि चारपैकी कोणतीही दोन आली तरच पेटी उघडते. आमच्या चौघांपैकी एकजण सप्टेंबरात बदलून चंद्रपूरला गेले, तिथे त्यांनी नवं डोंगल घेतलं आणि जुनं कचऱ्यात टाकलं. दुसरे तीस सप्टेंबरला निवृत्त झाले. त्यांना शाल, श्रीफळ देऊन आम्ही त्यांची सही त्याच दिवशी रद्द केली. आमच्या कार्यालयाने वेळेत पूर्ण केलेलं वर्षातलं ते एकमेव काम. उरले दोघं, मॅडम आणि मी. मी म्हणजे तेल.

शनिवारी सकाळी तोतारामभाऊ चहाला आले आणि नूतनने त्यांना सगळं सांगून टाकलं. भाऊंचा चेहरा उजळला. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताला काम नाही आणि कॉलनीतल्या सगळ्या मिक्सरांना त्यांनी निदान एकदा तरी खोललेलं आहे. ते म्हणाले, डिझेलच्या पंपात पाणी गेलं की वाळवतात, तेल गेलं की शोषतात आणि शोषायला तांदळासारखं दुसरं काही नाही. डोंगल तोंड खाली करून तांदळाच्या डब्यात खुपसलं गेलं. रविवारी सकाळी बाहेर काढलं, तर तेल थोडं कमी झालं होतं, पण तोंडात एक कणी घट्ट बसली होती. भाऊंनी नूतनची गोधडी शिवायची सुई मागितली. कणी निघाली. तिच्यासोबत आतली एक बारीक पत्री उचकटून वर आली. भाऊ सुईकडे बघत म्हणाले, की एसटीत असं कधी झालं नाही.

रविवार दुपारपर्यंत सगळ्या कॉलनीला कळलं, की देसल्यांची सही अडकली आहे. लोक येऊन बघू लागले. कोणी केस वाळवायचं यंत्र आणलं, कोणी रॉकेल सुचवलं. नूतनच्या भिशीतल्या एका बाईंनी सरळ विचारलं, की कागदावर सही करून तिचा फोटो पाठवला तर मुंबईवाले घेणार नाहीत का. मी प्रत्येकाला चार कुलपांची गोष्ट समजावून सांगत होतो आणि प्रत्येकजण शेवटी एकच विचारत होता, "पण तेल लावलंच कशाला?" माय पलंगावर बसून हे ऐकत होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. नूतन मला आत बोलावून म्हणाली, की माय सकाळपासून जेवलेली नाही.

त्याच दुपारी जमनाताईंचा फोन आला. शुक्रवारी पाकिटं उघडणार होती ना, तिघांपैकी कोणाचं जमलं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. तांत्रिक अडचण आली आहे, मी म्हटलं. एकतीस वर्षांत हे दोन शब्द मी शेकडो वेळा वापरले असतील, पण त्यांना तेलाचा वास पहिल्यांदाच आला.

"ठीक आहे, सर," जमनाताई म्हणाल्या. "मी पोरींना सांगितलं होतं, या हिवाळ्यात नक्की. आता तिसऱ्यांदा तेच सांगते."

त्या चिडून बोलल्या असत्या तर मी नियम सांगितला असता. त्या चिडल्या नाहीत. मी फोन ठेवला आणि सोमवारी पहिल्या गाडीने जळगावला जायचं ठरवलं. माय दारात उभी होती.

धुळे ते जळगाव रस्त्यात पारोळा येतं, एरंडोल येतं आणि दोन्हीकडे पांढऱ्या कपाशीची शेतं लागतात. मी मात्र सारा वेळ डोंगलच्या तोंडात बघत होतो. शेजारच्या माणसाने शेवटी विचारलं, की त्यात गाणी आहेत का. सही आहे, मी म्हटलं. तो एरंडोलला उतरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

नवीनचं दुकान म्हणजे काचेची खोली. त्याने डोंगल बघितलं, मग मला बघितलं. नवं डोंगल अर्ध्या तासात देतो, म्हणाला. पण जुन्या पेटीला नवी किल्ली चालणार नाही. मी विचारलं, मुंबईचं मुख्य कार्यालय काही करू शकेल का?

"मुंबई नाही, दिल्ली नाही, कोणीच नाही, काका. ती पाकिटं तुमच्या याच डोंगलने उघडतील, नाहीतर कधीच नाही."

माझ्या सहीवाचून दिल्ली अडली आहे, हे ऐकून क्षणभर मान ताठ झाली, हे कबूल करतो. लगेच आमलीपाड्याची टाकी आठवली आणि मान जागेवर आली. नवीन सहज बोलून गेला, की आतल्या पट्ट्यांना सोन्याचा मुलामा असतो, म्हणून वाटेल त्याने घासू नका. सोनं म्हटल्यावर मी थबकलो. मी जळगावात उभा होतो. सोन्याची वस्तू मळली, तर जळगावात ती कुठे न्यायची, हे खानदेशातल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

सराफ बाजारामागच्या गल्लीत जीवरामभाऊ सोनारांची बैठक आहे. नूतनच्या पाटल्या त्यांनीच केलेल्या. त्यांनी डोंगल हातात घेतलं आणि सवयीने विचारलं, "मोड करायची का?" मी सगळी हकिगत सांगितली, नवमीपासून सुईपर्यंत. ते हसले नाहीत. तेल लावलं, हे ऐकून त्यांनी उलट मान डोलावली. त्यांच्या आईनेही एकदा त्यांच्या नव्या वजनकाट्याला तेल लावलं होतं, म्हणाले. मग त्यांनी रिठ्याचं पाणी केलं, अगदी थोडं, आणि मऊ केसांचा कुंचला त्यात नुसता ओला करून तोंडाच्या आत फिरवला. पाणी पिवळं, मग तांबूस, मग स्वच्छ आलं. ओल जायला हवी म्हणून त्यांनी नखाने कड दाबली आणि निळं कवच दोन फाका होऊन उघडलं.

सहा वर्षं ज्याचं कुतूहल होतं, ते समोर होतं. एक हिरवी पट्टी, तिच्यावर तुरीच्या डाळीएवढा काळा चौकोन. जीवरामभाऊंनी डोळ्याचं भिंग मला दिलं. मी बघितलं, खूप वेळ बघितलं. त्यांनी बघितलं, मग पुन्हा मी बघितलं. ना 'प्र', ना शेपूट, ना टिंबं.

"यात सही कुठंय?" मी विचारलं.

जीवरामभाऊ चिमट्याने उचकटलेली पत्री खाली बसवत होते. काम न थांबवता म्हणाले, "चाळीस वर्षं मंगळसूत्रं ओवतो मी. त्यात नवरा कुठं असतो, ते मला बी कधी दिसलं नाही." मग त्यांनी दोन्ही फाका मिटवल्या आणि डोंगल मखमलीच्या लाल डबीत घालून माझ्या हातात दिलं.

मंगळवारी अकरा वाजता मी ती डबी मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडमनी डबीकडे बघितलं आणि काही विचारायचं नाही असं ठरवलं. त्यांचा दिवा लागला. मी माझं डोंगल लावलं आणि डोळे मिटले. मॅडम म्हणाल्या, "भाऊसाहेब, बघा तरी." लाल दिवा लागला होता. संगणकाने परवलीचा शब्द विचारला. तो वडलांच्या नावाचा आहे, म्हणजे होता, आता बदलला आहे. घाईत तो पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा एकेक अक्षर बोटाने शोधून दाबलं. तीन पाकिटं उघडली.

पहिल्याने अनुभवाच्या दाखल्याऐवजी आपल्या घराचं विजेचं बिल जोडलं होतं. दुसऱ्याने सगळी कागदपत्रं व्यवस्थित जोडली होती, पण ती दुसऱ्याच कार्यालयाच्या खुर्च्यांच्या निविदेची होती. तिसऱ्याचं उघडताना मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. तिसरा जळगावचाच होता आणि त्याचं सगळं होतं, कागद न् कागद, पान न् पान, सह्यांसकट. तिसऱ्या वेळी एकजण पात्र ठरला तरी चालतो, हा नियम मला तोंडपाठ होता. मी तो मोठ्याने म्हणून दाखवला. मॅडम म्हणाल्या, "आता जमनाताईंना फोन करा." मी घरीही केला. मायला सांग, म्हटलं, उघडलं. तिला आधी जेवायला वाढ.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण सरकारी कामात गोष्ट अशी संपत नाही. महिन्याभराने मुंबईहून 'खरेदी कामगिरी निर्देशांक' आला. सगळ्या विभागांत धुळे शेवटचं. पाकिटं चार दिवस उशिरा उघडली म्हणून आमची रांग लाल रंगात होती. पहिला क्रमांक ज्या विभागाला मिळाला, त्याने वर्षभरात एकही निविदा काढली नव्हती, त्यामुळे कुठेही एका दिवसाचा उशीर नाही. मुख्य कार्यालयाने त्यांचं अभिनंदन केलं होतं आणि आमच्याकडे खुलासा मागितला होता. खुलाशाच्या रकान्यात निवडायला चारच कारणं होती : न्यायालयीन स्थगिती, आचारसंहिता, नैसर्गिक आपत्ती आणि इतर. 'इतर' निवडलं तर खाली निदान पन्नास अक्षरं लिहावी लागतात. मॅडम आणि मी अर्धा दिवस बसलो. खोटं लिहायचं नाही, हे दोघांनाही मान्य होतं, अडचण खऱ्याची होती. अखेर मॅडमनी लिहिलं, "पारंपरिक देखभालीमुळे स्वाक्षरी उपकरण चार दिवस अनुपलब्ध होते." आठवड्याने उत्तर आलं. सदर पारंपरिक देखभालीची कार्यपद्धती व वार्षिक वेळापत्रक सर्व विभागांच्या माहितीसाठी तातडीने सादर करावे. ती फाइल अजून माझ्या टेबलावर आहे.

डिसेंबरच्या मध्याला आमलीपाड्याच्या छतावर बंब बसले. जमनाताईंनी बघायला बोलावलं. माय तेव्हा गावाला होती आणि गाव वाटेवरच, म्हणून तिलाही गाडीत घेतलं. तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. हत्यारं असतील, असं समजून मी विचारलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि माझे कान थंडीने दुखत होते. न्हाणीघराबाहेर ओल्या केसांच्या मुली उन्हाला बसल्या होत्या. जमनाताई म्हणाल्या, "सर, आता पाचला मला उठवावं लागत नाही. मी जाते तेव्हा रांग लागलेली असते." मग जरा थांबून म्हणाल्या, "गेल्या वर्षी गेलेल्या चारजणींपैकी दोघी परत आल्यात." उन्हातल्या मुलींमध्ये त्या कोणत्या, ते त्यांनी दाखवलं. मला नीट दिसलं नाही. धुकं होतं, असं मी नूतनला सांगितलं.

माय तोवर नळाशी गेली होती. तिने नळ सोडला, हात धरला आणि झटकन मागे घेतला. "चटका बसना," ती म्हणाली. मुली हसल्या. तिने पुन्हा हात धरला आणि या वेळी धरून ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "देख. मी तेल लावं व्हतं म्हनीसन चालनं."

तसं नव्हतं, हे सिद्ध करणारी बेचाळीस पानांची फाइल माझ्याकडे होती. मायने पिशवीतून गोडेतेलाची छोटी बाटली काढली आणि मान वर करून छताकडे, बंबांच्या लोखंडी पायांकडे बघू लागली. जिना चढताना मी तिचा हात धरला. वर गेल्यावर आधी मी त्या बंबाभोवती फेरी मारली, वाकून, गुडघ्यावर बसून सगळीकडून नीट बघितलं, कुठे उघडं तोंड नाही ना. मग बाटलीचं बूच मीच काढून दिलं.